रेणूंच्या गावाचा सातबारा

मेरीगंज गावात आवई उठते, की मलेटरीनं (मिलिटरीनं) बहिऱ्या चेथरूला 'गिरफ' (अटक) केलंय आणि जाताना लोबिनलालच्या विहिरीवरची बादली सोडून नेलीय. हिंदी लेखक फणीश्वरनाथ रेणूंची 'मैला आँचल' ही बिहारातल्या एका गावाची कादंबरी इथून सुरू होते. बेचाळीसच्या चळवळीत आसपासच्या मुलखात गोऱ्या शिपायांनी काय केलं ते गावाला ठाऊक असतं, त्यामुळे जो तो आपल्या परीनं जीव वाचवायच्या मागे लागतो. यादवटोलीतली, म्हणजे यादवांच्या वस्तीतली, माणसं तर बालदेवला दोरीनं बांधून साहेबापुढे उभा करतात. बालदेव काँग्रेसचा, तुरुंगात जाऊन आलेला. असला माणूस आपल्यात सापडला तर सगळ्या टोलीला भोवेल, त्यापेक्षा आपणच धरून दिलेला बरा. पण आलेली माणसं निघतात डिस्ट्रिक्ट बोर्डाची. गावात मलेरिया सेंटर काढायचंय, त्यासाठी ती जागा बघायला आलेली. आणि त्यातला एक जण दोरीतल्या बालदेवला ओळखून त्यालाच हात जोडतो.

झालं! त्या नमस्कारानंतर बालदेव गावातला वजनदार माणूस होतो. ज्यांनी बांधलं तेच आता त्याला खाली बसू देत नाहीत. मला ही सुरुवातीची पानं फार आवडतात. सरकार गावात आलं म्हणजे कुणाला तरी धरायलाच आलं असणार, हा गावाचा पहिला अंदाज. आणि ते धरायला आलेलं नसेल, तर मग त्याच्या जवळचा कोण, हा दुसरा. दवाखान्याचा विचार तिसऱ्या क्रमांकावर. समाजशास्त्रज्ञ ज्याला 'राज्यसंस्थेशी ग्रामीण समाजाचा संबंध' वगैरे म्हणतील, ते रेणूंनी एका दोरीत आणि एका नमस्कारात उरकलंय.

मराठी माणसाला रेणू माहीत असतात ते 'तीसरी कसम'मुळे. 1966 सालचा बासू भट्टाचार्यांचा सिनेमा. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरी केलेल्या गीतकार शैलेंद्रनं तो काढला, त्यात तो बुडाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेला, ही कथा आपल्याकडे कितीतरी वेळा सांगून झाली आहे. त्यामुळे रेणू म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते 'इस्स' म्हणून लाजणारा राज कपूर, टप्पर घातलेली बैलगाडी आणि वहिदा रहमान. लोकगीतं, जत्रा, नौटंकी, भोळी माणसं. 'आंचलिक', म्हणजे प्रादेशिक, हा शब्द 'मैला आँचल'च्या भूमिकेत रेणूंनी स्वतःच वापरला, हिंदी समीक्षेनं त्याचा शिक्का केला आणि तोही याच अंगानं वापरला गेला. पण मूळ कथेत हिरामननं नौटंकीच्या बाईची शपथ खायच्या आधी आणखी दोन शपथा खाल्लेल्या आहेत आणि त्यातली पहिली आहे चोरबाजारातला माल न वाहण्याची. कंट्रोलचा जमाना. जोगबनीहून सीमेपलीकडे नेपाळात विराटनगरला सिमेंटच्या आणि कापडाच्या खेपा टाकणारा हा गाडीवान एकदा पोलिसांच्या तावडीत सापडतो आणि गाडी तिथेच टाकून बैलांसकट अंधारात पळ काढतो. म्हणजे हिंदीतली ही सगळ्यात हळवी प्रेमकथा सुरू होते ती रेशनिंग आणि तस्करीपासून. हळवेपणा आपल्या लक्षात राहतो, सिमेंट राहत नाही.

माझ्या लक्षात सिमेंट राहतं, त्याला कारण घरातलं आहे. माझ्या आईचे वडील सोलापूर जिल्ह्यात तलाठी होते. त्या घरात कादंबऱ्या नव्हत्या, दप्तर होतं. लाल रुमालात बांधलेलं, ज्याला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही असं. दुपारी ओसरीवर माणसं येऊन बसायची आणि आजोबा त्यांच्याशी बोलायचे ते फेरफार, पीकपाहणी, इतर हक्क, कब्जेदार सदर असल्या भाषेत. माणसाचं नाव घेतलं की ते कुठल्या रकान्यात आहे हे आजोबांना आधी आठवायचं, चेहरा मागाहून. एखादा म्हातारा निघून गेल्यावर ते आजीला म्हणायचे, "जमीन चाळीस वर्षं हा कसतोय, आणि नाव कुठंच नाही." त्यात हळहळ असायची की नुसती नोंद, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या ओसरीमुळे मी रेणू वाचतो तेव्हा नजर आपोआप जमिनीकडे जाते. कोण कसतंय, कुणाच्या नावावर आहे, कागद कुणाच्या पेटीत आहे. आणि या बाबतीत रेणू विलक्षण काटेकोर आहेत. गाणी, सण, शिव्या, कोंबडे, चिखल या सगळ्याच्या खाली त्यांनी जमिनीचा हिशेब एखाद्या कसलेल्या अमिनासारखा, म्हणजे जमीन मोजणाऱ्या कर्मचाऱ्यासारखा, चोख ठेवलेला आहे.

'लाल पान की बेगम' ही गोष्ट घ्या. बिरजूच्या आईला बलरामपूरचा नाच बघायला जायचंय, आणि तेही बैलगाडीत बसून. नवरा गाडी आणायला गेलाय तो येता येत नाही. संध्याकाळ होते, ती मुलांवर चिडते, शेजारणींशी भांडते, शेवटी दिवा विझवून बसते. शेजारच्या जंगीची सून टोमणा मारते, की या मोहल्ल्यात लाल पानाची बेगम राहते बाई! एवढीच गोष्ट. शाळेच्या पुस्तकात ती बालमनाची, ग्रामीण जीवनाची वगैरे म्हणून येते. पण या बाईचा तोरा आला कुठून? बिरजूच्या बापानं सर्व्हेत, म्हणजे सरकारी जमीनमोजणीत, पाच बिघे जमीन मिळवलीय. गावातल्या बाबूसाहेबांच्या जमिनीवर हक्क सांगायचा, सर्व्हेच्या अधिकाऱ्यापुढे तंटा दाखल करायचा आणि दबाव आला तरी मागे घ्यायचा नाही, हे त्या घरानं केलेलं आहे. दारात बैल आलेत ते त्यानंतर. शेजारणींच्या डोळ्यांत जे खुपतंय ते बैल आणि पाच बिघे. शेजारच्या टोल्यात त्याला कुणी गाडी देत नाही, तेही त्याचमुळे.

या घराचं पुढे काय होणार? मराठीतला एखादा कथाकार इथे सावकार आणेल, नाहीतर बैल मारील. रेणू तसलं काही करत नाहीत. गाडी येते, उशिरा येते, आणि मग बिरजूची आई ज्या बायकांशी दुपारी भांडली त्यांनाच हाका मारून गाडीत बसवून घेते. जंगीच्या सुनेलासुद्धा. गाडी पिकल्या धानाच्या शेतांमधून जाते, गाडीतल्या बायका गाणं धरतात, आणि हिच्या मनात आता काही हौस उरलेली नाही, झोप येतेय. गोष्ट संपली. जमीन मिळाल्यावर माणूस उदार होतो, हे इतक्या सरळपणे सांगणारी दुसरी कथा मला माहीत नाही. दैन्य माणसाला कद्रू करतं हे सगळे लिहितात. पाच बिघे त्याच माणसाचं मन किती मोठं करतात ते लिहायला सर्व्हे माहीत असावा लागतो आणि बायकांची भांडणंही.

रेणूंना दोन्ही माहीत होतं. जन्म 4 मार्च 1921, औराही हिंगना नावाच्या गावी, तेव्हाच्या पूर्णिया जिल्ह्यात. आता ते अररियात येतं. शेतकऱ्याचं घर. शिक्षणाचा काही काळ विराटनगरला, नेपाळच्या राजकारणातल्या कोइरालांच्या घरी राहून. नंतर बनारस. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंग. 1950-51 मध्ये नेपाळात राणाशाहीविरुद्ध उठाव झाला त्यात प्रत्यक्ष सहभाग. समाजवादी पक्षाचं काम, शेतकऱ्यांचे मोर्चे. त्यानंतर, म्हणजे पक्षाच्या कामातून अंग काढून घेतल्यावर, 1954 साली 'मैला आँचल' आली. आधी पाटण्यातून, मग राजकमल प्रकाशनाकडून. पूर्णियातच राहणारे बंगाली कादंबरीकार सतीनाथ भादुडी यांना ते गुरू मानत आणि त्यांच्या एका कादंबरीवरून 'मैला आँचल' उचलली असा आरोपही पुढे झाला. हा वाद मला कधीच फार महत्त्वाचा वाटला नाही. दोघांनी एकच जिल्हा बघितला होता.

1957 साली आलेली 'परती : परिकथा' त्यामानानं कमी वाचली जाते. जाड आहे, आणि मधे मधे लेखक स्वतःच्याच स्वप्नात हरवतो, हे मान्य. पण सर्व्हेनं गावाचं काय होतं हे बघायचं तर हीच कादंबरी वाचायला हवी. कोसी नदीनं पात्र बदलत बदलत मागे टाकलेली हजारो एकर पडीक वाळूची जमीन, तिच्या कडेचं परानपूर गाव, आणि त्या गावात आलेला लँड सर्व्हे. बाप मुलाविरुद्ध, भाऊ भावाविरुद्ध अर्ज टाकतो. कालपर्यंत एका ताटात जेवणारे अमिनाच्या तंबूबाहेर एकमेकांकडे पाठ करून बसतात. कसणाऱ्याच्या नावानं जमीन लागणार असं म्हटल्याबरोबर गावातल्या प्रत्येक नात्याची मोजणी नव्यानं सुरू होते. रेणू यात कुणाला खलनायक करत नाहीत. शेकडो वर्षं कागदाबाहेर राहिलेल्या माणसाला पहिल्यांदा कळतं की रकान्यात आपलंही नाव येऊ शकतं, तेव्हा तो काय काय करू शकतो याचा तो धांडोळा आहे. हपापलेला, केविलवाणा, पुष्कळदा विनोदी.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर 2024 सालातला ऑगस्ट आठवून बघा. बिहार सरकारनं त्या महिन्यात राज्यातल्या सुमारे 45 हजार गावांमध्ये जमिनीचा विशेष सर्व्हे जोरात सुरू केला. आमच्या सोसायटीत तेव्हा एका फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगचं काम चाललं होतं आणि करणारा कारागीर अररिया जिल्ह्यातला. काम अर्धवट टाकून तो गावी निघाला. "सर्वे है, भैया. वंशावली देना है." फ्लॅटचा मालक भडकला, पण हा थांबला नाही. दिल्ली, मुंबई, पुणे, सुरत इथून अशी माणसं तेव्हा गाड्या भरभरून चाललेली होती. त्यानं मला मोबाइलवर आजोबांच्या वेळच्या खतियानाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, फोटो दाखवला. कैथी लिपीतला. घरात कुणाला वाचता येत नव्हता, आणि गावात वाचून देणाऱ्यानं भाव वाढवले होते. मला आमच्या आजोबांच्या दप्तरातले मोडीतले कागद आठवले. तेही आता आमच्यात कुणाला वाचता येत नाहीत, फक्त आमचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

मी त्याला विचारलं, किती जमीन आहे? म्हणाला, नावावर काही कट्ठे. पण भाऊ कसतो ती त्याच्या तिपटीनं, बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, घेतलेली. ती सर्व्हेत दाखवता येईल का, असं विचारल्यावर मी काहीतरी भलतंच बोललो असावं असा त्याचा चेहरा झाला. "वो तो मालिक का है ना." रेणूंचं नाव त्याला शाळेपासून ठाऊक होतं. धडा होता, म्हणाला.

बटाईदाराचा हा प्रश्न 'मैला आँचल'च्या मध्यभागी आहे. कादंबरीत तहसीलदार विश्वनाथ प्रसाद नावाचा गृहस्थ आहे. राज पारबंगा या जमीनदारीचा तीन पिढ्यांचा तहसीलदार, म्हणजे जमीनदाराचा वसुली कारभारी. मला हे पात्र हिंदी कादंबरीतल्या सर्वांत खऱ्या पात्रांपैकी वाटतं, कारण तो दुष्ट नाही. गोड बोलतो, अडीनडीला धान्य देतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. जमीनदारी जाणार याचा वास त्याला जमीनदाराच्याही आधी लागतो. तो तहसीलदारी सोडतो, खादी घालतो, काँग्रेसमध्ये जातो. कागद मात्र त्याच्या डोक्यात आणि पेटीत सुरक्षित असतात. बिहारचा जमीन सुधारणा कायदा 1950 सालचा. वरचा जमीनदार गेला, आणि गावातली जमीन गेली ती कुणाकडे? ज्याला तिचे गट तोंडपाठ होते त्याच्याकडे. काँग्रेस गावात येते, समाजवादी येतात, काळी टोपीवाले येतात, दवाखाना येतो, आणि दर वेळी मेरीगंजला वाटतं आता काहीतरी होणार. होतंही. विश्वनाथ प्रसादची जमीन वाढते.

संथाळांचं प्रकरण तर वाचवत नाही. चार-दोन पिढ्यांपूर्वी आणून वसवलेले, जंगल साफ करून जमीन काढलेले संथाळ. कायदा कसणाऱ्याच्या बाजूनं आहे असं त्यांनाही कुणीतरी सांगितलेलं असतं. ते शेतात उतरतात, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे कायस्थ, राजपूत, यादव आणि बाकी सगळे टोले एका रात्रीत एक होतात. जातीजातींत एवढी फाटाफूट असलेलं गाव अख्ख्या कादंबरीत एवढं एकजीव कधीच होत नाही. मारामारी, मुडदे, खटला. संथाळ तुरुंगात जातात, गावातले सुटतात. आणि याच सुमारास येतं सुराज्य. मिरवणूक, झेंडा, नाच. खटला जिंकल्याचा आनंद आणि स्वातंत्र्याचा आनंद रेणूंनी एकमेकांत असे मिसळलेत की कुठला ढोल कशासाठी वाजतोय हे वाचणाऱ्यालाही सांगता येऊ नये. हे लिहून झाल्यावर सतरा वर्षांनी, 22 नोव्हेंबर 1971 ला, त्याच पूर्णिया जिल्ह्यात रूपसपूर चंदवा इथं जमीनमालकांच्या माणसांनी संथाळांच्या वस्तीवर हल्ला केला. 14 संथाळ मारले गेले. भांडण बटाईच्या जमिनीचं.

आपल्याकडे 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं मालक मानलं गेलं. निदान पश्चिम महाराष्ट्रात तरी. तेही काही फार स्वच्छ झालं नाही. 'स्वखुशीनं' दिलेले कुळांचे राजीनामे आजोबांनीही नोंदवले असतील. ती स्वखुशी काय असते हे ओसरीवर बसणाऱ्यांना चांगलं माहीत होतं. पण इतर हक्काच्या रकान्यात का होईना, कुळाचं नाव असायचं, आणि त्या एका ओळीवर पुढे मामलेदार कचेरीपासून हायकोर्टापर्यंत लढाया झाल्या. बिहारात बटाईदाराला ती ओळसुद्धा मिळाली नाही. या शतकात डी. बंदोपाध्याय आयोगानं बटाईदारांची नोंद करा असं सरकारला सांगून पाहिलं. अहवाल बासनात गेला. मेरीगंजच्या त्या भागात काळा आजार आता आटोक्यात आलाय, मलेरियाही बराच हटलाय. कादंबरीतला डॉक्टर प्रशांत ज्यासाठी आला होता ते काम होत आलं म्हणायचं. रोगाचे खरे जंतू दोन, गरिबी आणि अज्ञान, असा निष्कर्ष तो काढतो. रेणूंच्या कादंबरीनं मात्र तिसरा जंतू आपल्याला आधीच दाखवलेला असतो, आणि डॉक्टर त्याच्याच घरी चहा पीत असतो. विश्वनाथ प्रसादची मुलगी कमली हिच्यावर प्रशांतचं प्रेम आहे.

इथे मला रेणूंशी भांडायचंय. कादंबरीच्या शेवटी नातू झाल्याच्या आनंदात हा तहसीलदार लोकांना जमिनी परत वाटतो. हजार बिघ्यांचा डोंगर ज्यानं तीन पिढ्यांत एकेका अंगठ्यानं उभा केला, त्याचं मन बाळाच्या रडण्यानं पालटतं! प्रशांत-कमलीची सगळी गोष्टच मला सिनेमासारखी वाटते, पण हा शेवट तर आधीच्या शेकडो पानांना फसवणारा आहे. रेणू तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते, देश सात वर्षांचा. विनोबा गावोगाव भूदान मागत फिरत होते, आणि जमीनदार देतही होते, निदान कागदावर. त्या हवेत हा शेवट शक्य वाटला असेल. समजू शकतं. पटत नाही.

खरा शेवट त्याआधी येऊन गेलेला असतो. बावनदास. दीड हात उंचीचा ठेंगू, गांधींच्या मागे वेडा झालेला कार्यकर्ता. भारतमाता रडतेय, असं तो सतत म्हणतो, आणि स्वातंत्र्यानंतर तर ती जास्तच रडतेय असं त्याला दिसतं. पूर्वी जुगाराचा अड्डा चालवणारा दुलारचंद कापरा आता ठाण्याच्या काँग्रेसचा सेक्रेटरी आहे. गांधी गेल्यानंतरच्या त्या दिवसांत एका रात्री त्याच्या चोरट्या मालाच्या बैलगाड्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेकडे निघतात आणि बावनदास एकटा वाटेत उभा राहतो. गाड्या थांबत नाहीत. मग त्याचं प्रेत नागर नदीच्या पलीकडे, पाकिस्तानच्या हद्दीत टाकलं जातं. ही ब्याद आपल्याकडे नको म्हणून तिकडचे शिपाई ते पुन्हा वाटेला लावतात. वामनानं तीन पावलांत त्रिभुवन मापलं. या बावनानं दोन पावलांत दोन स्वतंत्र देशांची माणुसकी मापली, असं रेणू म्हणतात. त्याची झोळी झाडाला लटकत राहते. कुणीतरी ती बघून नवस बोलतं, चिंधी बांधतं, आणि काही दिवसांत ते झाड 'चेथरिया पीर' होतं. कोण मेलं, कशासाठी मेलं, हे कुणाला माहीत नाही. चिंध्या वाढत जातात.

ही कादंबरी ज्या वर्षी हिंदीत आली त्याच्या पुढच्याच वर्षी मराठीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आली. दोन्हींत बाहेरून आलेला शिकलेला तरुण आहे, एकीत डॉक्टर, दुसरीत मास्तर. माडगूळकरांचं गद्य रेणूंपेक्षा कितीतरी आवरलेलं, आणि कारागिरी म्हणून बघितलं तर माझं झुकतं माप 'बनगरवाडी'लाच आहे. पण बनगरवाडी रिकामी होते ती दुष्काळानं. धनगर मेंढरं घेऊन निघून जातात, आभाळाशी भांडता येत नाही. मेरीगंज रिकामं होत नाही, ते तिथेच गिजबिजत राहतं, आणि त्याचं जे होतं ते माणसांनी, पक्षांनी आणि कागदांनी केलेलं असतं. मराठी ग्रामीण कथेनं दुष्काळ, दारिद्र्य, बोली, निसर्ग हे फार ताकदीनं आणलं. गावात पहिल्यांदा पोचलेलं राजकारण, त्याचा तो तमाशा, सभेत कुणाच्या टोलीनं कुठं बसायचं इथपासून, इतक्या मिश्कीलपणे लगेच त्या दशकात आपल्याकडे कुणी टिपलं असं मला वाटत नाही. नंतर टिपलं, पण तोवर मिश्कीलपणा संपून चीड आली होती.

रेणूंची चीड नेहमी गाण्याच्या आडून येते, म्हणून ती चुकवणं सोपं जातं. 'रसप्रिया'तला म्हातारा पंचकौडी मिरदंगिया विदापत नाच, म्हणजे विद्यापतींच्या पदांवरचा लोकनाच, करणारा. बोट वाकडं झालंय, मृदंग नीट वाजत नाही. जेठाच्या दुपारी शेतात काम करणारी माणसं आता गात नाहीत, हे त्याच्या लक्षात आलंय. लोकसंस्कृतीचा ऱ्हास म्हणून या ओळी भाषणांत फार वापरतात. पण शेतातलं गाणं कधी थांबतं? वाट्यात घट येते तेव्हा, मजुरी रोकड्यावर जाते तेव्हा. 'संवदिया'त तर रेणूंनी हे उघडच केलंय. आता गावोगाव पोस्ट ऑफिस झालं, मग निरोप्याच्या हाती निरोप कोण पाठवणार, असं हरगोबिनला वाटत असताना बडी बहुरिया त्याला बोलावते. मोठ्या हवेलीची सून. थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावर बाकीच्या भावांनी वाटणी करून घेतली, शहर गाठलं, आणि ही बथुआची भाजी उकडून खातेय. माहेरी सांग, मला न्या, नाहीतर मी जीव देईन. हरगोबिन तिच्या माहेरी जातो आणि ते सांगूच शकत नाही. आमच्या गावची लक्ष्मी आम्हाला पोसता आली नाही, हे परमुलखात कसं सांगायचं? परतीच्या भाड्याला पैसे नाहीत, तर उपाशीपोटी मैलोन्‌मैल चालत येतो. हवेली मोडली ती वाटणीपत्रानं. कथेत त्याला दोन-तीन वाक्यंच आहेत, पण ती आहेत, आणि ती वगळून ही कथा वाचली तर नुसता कढ उरतो.

राजकारण कादंबरीत एवढं ओळखलेल्या माणसानं स्वतः काय केलं? 1972 साली रेणू फारबिसगंजमधून विधानसभेला उभे राहिले. अपक्ष, चिन्ह नाव, म्हणजे होडी. लाठी, पैसा आणि जात यांच्याशिवाय निवडणूक जिंकता येते का बघू, असं म्हणून. विरोधात काँग्रेसचे आणि समाजवादी पक्षाचे जे उमेदवार होते ते त्यांचे बेचाळीसपासूनचे सोबती. 'कह दो गाँव-गाँव में, अब के इस चुनाव में, वोट देंगे नाव में' अशी घोषणा त्यांनीच केली. गावोगावच्या सभांतून ते कविता म्हणत, लोक ऐकायला तुडुंब जमत. साहजिकच पडले. याचं उत्तर अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच बालदेवच्या आणि कालीचरणच्या रूपानं लिहून ठेवलं होतं. कालीचरण हा समाजवादी पोरगा दरोड्याच्या आळात गुंतवला जातो आणि ज्या पक्षासाठी तो मरत होता तो पक्ष त्याला ओळख दाखवत नाही. हे लिहिणाऱ्यानं उभं राहावं याचं मला आधी हसू येतं, मग येत नाही. हिशेब नीट मांडता येणाऱ्या माणसाला तो पटावाच असं काही नसतं.

पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं त्यांनी ठरवलं, पण गप्प बसणं जमलं नाही. 1974 मध्ये ते जयप्रकाशांच्या आंदोलनात होते, तुरुंगातही जाऊन आले. 4 नोव्हेंबरला पाटण्यात जयप्रकाशांवर लाठी चालली तेव्हा रेणूंनी 1970 साली मिळालेली पद्मश्री परत केली. ही आता माझ्यासाठी पापश्री आहे, असं राष्ट्रपतींना कळवलं. पुढच्या वर्षी पाटण्यात पूर आला, तर त्याच पाण्यात अडकून बसून त्याचं वार्तांकन लिहिलं. तोवर पोटाच्या व्रणानं ते पोखरले होते. निवडणूक झाली, सरकार पडलं, आणीबाणी उठली, आणि त्यानंतर काही दिवसांतच, 11 एप्रिल 1977 ला ते गेले.

पद्मश्रीचा किस्सा सगळे सांगतात. त्याच वेळी आणखी एक पत्र गेलं होतं, राज्यपालांना. बिहार सरकार लेखक म्हणून त्यांना दरमहा 300 रुपये द्यायचं, ते यापुढे नकोत असं सांगणारं. पद्मश्रीला काही पैसे पडत नव्हते. हे 300 रुपये मात्र घरात येत होते, औषधाला लागत होते, आणि तेही त्यांनी बंद करून टाकले.